गुरुवारची मासेवाली

लिंबाची अर्धी फोड संपत आली तरी मेव्हिस डाउसच्या हातांचा वास काही जाईना. केल्स्बीच्या कोर्टात, वरच्या मजल्यावर, बायकांच्या न्हाणीघरात ती बाह्या कोपरापर्यंत सारून उभी होती आणि नखांखाली लिंबू घासत होती. लिंबू झालं की साबण, आणि साबण झाला की घरून पिशवीतून आणलेला स्टीलचा चमचा गार पाण्याखाली बोटांवरून फिरवायचा. हॅडॉक माशाचा वास चमच्याने जातो असं तिची आई सांगायची. तो पूर्ण जात नाही हे आईलाही ठाऊक होतं, पण काहीतरी केल्याचं समाधान.

दारावर टकटक झाली आणि मिसेस पेल्यूंचा आवाज आला, "मेव्हिस, आत आहात का? आज जरा लवकर बसू या. यादी मोठी आहे."

"आले, मिसेस पेल्यू."

गेली पाच वर्षं हे असंच चाललं होतं. त्या हिला मेव्हिस म्हणायच्या आणि ही त्यांना मिसेस पेल्यू. कोणी तसं ठरवलं नव्हतं. पेल्यूबाईंच्या सासऱ्यांचा फोटो खाली बाजारपेठेच्या सभागृहात लावलेला होता, आणि मेव्हिसचा बाप त्याच सभागृहासमोर हातगाडीवर हेरिंग मासे विकायचा. आता अशा दोन बायकांनी एकमेकींना काय म्हणायचं ते आपोआपच ठरतं.

आज मेव्हिस मॅजिस्ट्रेटपदाचा राजीनामा द्यायला आली होती. निदान तोंडी सांगायचं आणि मोकळं व्हायचं, असं तिने नवऱ्याला, रेगला, कबूल केलं होतं. रेग ग्रिम्स्बीच्या गोदीत बर्फाच्या पेट्या उचलायचा, तिथेच पाठीवर पडला आणि कायमचा स्टुलावर बसला. बसल्या बसल्या तो मासे साफ करायचा, काटे काढायचा, आणि बायकोला खरं ते सुनवायचा. काल रात्री जेवताना सुरी खाली ठेवून तो म्हणाला होता, "एक तर कोर्ट कर, नाहीतर मासे वीक. दोन्ही करायला आपण काय जमीनदार लागून गेलो?"

त्याचं चुकत होतं असं नाही. केल्स्बीचं कोर्ट फक्त गुरुवारी भरायचं. आणि गुरुवार म्हणजे मेव्हिसच्या गाडीचा सोन्याचा दिवस. शुक्रवारी मांस न खाण्याची जुनी ख्रिस्ती रीत, म्हणून लोकांना त्या दिवशी मासा लागतो, आणि तो ते गुरुवारी घेतात. देवाला मानणारे घेतात आणि न मानणारेही घेतात, कारण त्यांच्या आईने तेच केलं. डोंगरउतारावरच्या आठ-दहा गावांतून तिची पांढरी गाडी भोंगा वाजवत जायची आणि बायका ताटं घेऊन फाटकाशी उभ्या असायच्या. एक गुरुवार गाडी आली नाही तर बायका वाट बघतात. दुसऱ्यांदा आली नाही तर हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात जातात, आणि तिथे गोठवलेला मासा पाकिटात मिळतो, भाज्यांच्या शेजारीच. मग तिसऱ्या गुरुवारी भोंगा वाजवा नाहीतर ढोल वाजवा, फाटक उघडत नाही. कोर्टाच्या आधी-नंतर जमतील तेवढी गावं मेव्हिस उरकायची, तरी तिची तीन गावं अशी गेली होती. चौथं जाण्याच्या बेतात होतं.

आता कोणी विचारेल, की बुडालेल्या दिवसाचा भत्ता असतो ना? असतो. सरकारने सोय करून ठेवलेली आहे. मॅजिस्ट्रेटला पगार नाही, हे काम फुकट करायचं. पण येण्याजाण्याचा खर्च, दुपारचं जेवण आणि ज्याची त्या दिवसाची कमाई बुडते त्याला थोडीफार भरपाई, हे सगळं कायद्यात आहे. खाली कचेरीच्या खिडकीवर एक कागद भरायचा की झालं.

फक्त केल्स्बीत तो कागद कोणी भरत नव्हतं.

ही इथली रीत होती. वर्षातून एकदा सगळे मॅजिस्ट्रेट हॉटेलात जेवायला जमायचे, ज्याने त्याने आपल्या पदरचे पैसे भरून. गोड झालं की मिसेस पेल्यू उठून उभ्या राहायच्या आणि हसून म्हणायच्या, "आणि याही वर्षी केल्स्बीच्या न्यायासनाने सरकारची एक पेनीसुद्धा घेतलेली नाही." मग सगळे टेबलावर मुठी आपटायचे. प्याले नाचायचे, चमचे खणखणायचे. निवृत्त बँकवाले, जमीनवाले, डॉक्टरांच्या बायका. मेव्हिसही आपटायची. पहिल्या वर्षी तिला कळलंच नव्हतं की हे आपल्याबद्दलही आहे. कळलं तेव्हा उशीर झाला होता, टेबल वाजवून झालं होतं. आणि ज्याने एकदा टेबल वाजवलं त्याने दुसऱ्या दिवशी खिडकीवर जाऊन हात पसरायचा कसा?

रेगने पहिल्या वर्षीच विचारलं होतं, "अगं मिळतात तर घे की."

"तिथे कोणी घेत नाही."

"तिथे कोणी मासे विकत नाही," रेग म्हणाला होता.

मग ती गेलीच कशाला तिथे, हाही प्रश्न आहेच. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या बापाला याच कोर्टात उभं केलं होतं. गुन्हा काय, तर चौकात हातगाडी लावून रस्ता अडवला. मेव्हिस बाहेर पायऱ्यांवर गाडी राखत बसली होती आणि गाडीवरचा बर्फ वितळून पाणी तिच्या बुटांत गेलं होतं. बाप बाहेर आला तेव्हा दंडाबद्दल काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, की वर तिघं जण बसले होते, त्यांच्यातल्या एकाने तरी जन्मात कधी गाडी ढकलली असती तर बरं झालं असतं. पुढे चाळीस वर्षांनी साध्या माणसांतलं कोणीतरी न्यायासनावर हवं म्हणून नेमणूक समितीने तिला विचारलं, तेव्हा तिने रेगलासुद्धा न विचारता होकार दिला. पहिल्या दिवशी मिसेस पेल्यूंनी तिची ओळख करून दिली, "या मिसेस डाउस, खाद्यपदार्थांच्या व्यवसायात आहेत." यादीतही तसंच लिहिलं गेलं. मेव्हिसने तेव्हा ते खोडून काढलं नाही. वाटलं, बाईंनी आपली लाज राखली.

हात पुसून ती विश्रांतीच्या खोलीत गेली. मिसेस पेल्यू खिडकीशी यादी वाचत होत्या. ताठ, सडपातळ, पिकल्या केसांची बाई. इतकी वर्षं एक गुरुवार चुकवला नव्हता. नवरा गेला त्या आठवड्यातसुद्धा येऊन बसल्या होत्या. तिसरे होते मिस्टर स्किपवर्थ, निवृत्त हेडमास्तर, खिशात विझलेला पाइप. मेव्हिसने ठरवलं होतं की आत जायच्या आधीच सांगून टाकायचं. तोंड उघडलंही, पण बाईंनी तिच्या हातांकडे न बघता म्हटलं, "किती छान लिंबाचा वास येतोय," आणि मेव्हिसने तोंड पुन्हा मिटलं. दुपारी सांगू, तिने मनाशी म्हटलं.

तिघं आत गेली. मधे पेल्यूबाई, उजवीकडे स्किपवर्थ, डावीकडे मेव्हिस. कोर्टात बोलायचं ते मधल्याने. बाजूच्या दोघांनी ऐकायचं, लिहून घ्यायचं, फार तर मधल्याच्या कानाशी लागायचं. मोठ्याने बोलायचं नाही. हा नियम कुठे छापलेला असो वा नसो, केल्स्बीत तो कोणी मोडलेला नव्हता. पाच वर्षांत त्या लाकडी उंचवट्यावरून मेव्हिसचा आवाज कोणी ऐकला नव्हता. गावोगाव तिचा भोंगा आणि तिचा गळा प्रसिद्ध, पण इथे ती मुकी.

सकाळचं मुख्य प्रकरण होतं स्टबली नावाच्या मुकादमाचं. हा माणूस पहाटे गावागावांतून बायका व्हॅनमध्ये भरायचा आणि फ्लॉवर कापायला शेतांवर न्यायचा. एका सकाळी अरुंद गल्लीत त्याच्या व्हॅनने एका म्हाताऱ्याच्या सायकलीला धक्का दिला. म्हातारा खंदकात पडला, खुबा मोडला, आणि स्टबली न थांबता निघून गेला. व्हॅनमध्ये नऊ बायका होत्या. आठजणींना त्या वेळी झोप लागली होती. एकटी शेरिल ओडलिंग जागी होती, किंवा खरं म्हणजे एकटी शेरिल जागी असल्याचं कबूल करायला तयार होती.

ती साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा मेव्हिसची नजर तिच्या हातांवर गेली. तिशीची बाई, हात पन्नाशीचे. फ्लॉवरच्या देठांचा हिरवट डाग बोटांच्या पेरांत बसलेला. तिने कोट घातला होता, तो दुसऱ्या कोणाचा तरी होता. खांदे सैल पडत होते. पाहिलं ते तिने सरळ सांगितलं. ती कुठे अडखळली नाही.

मग स्टबलीचा वकील उठला. लिंकनहून आलेला तरुण पोरगा, बूट चकचकीत. त्याने प्रकाश किती होता, काच धुक्याने भरली होती का, असलं विचारून बघितलं. काही जमेना तेव्हा त्याने आवाज मऊ केला.

"मिस ओडलिंग, आज तुम्ही कामावर नाही. पण आजच्या दिवसाचे तुम्हाला पैसे मिळणार आहेत, नाही का? इथे येऊन बोलण्याचे?"

शेरिल लाल झाली. साक्षीदारालाही प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळते, तो त्याचा हक्क आहे. पण त्या पोराने ते असं विचारलं, की हक्क लाचेसारखा दिसू लागला. सरकारी वकील उठेउठेपर्यंत शेरिल बोलून गेली होती.

"मला एक पेनी नको. मी पैशांसाठी नाही आले. ठेवून घ्या तुमचे."

वकील बसला. त्याला हवं ते मिळालं की नाही कोण जाणे. ही बाई आज घरी रिकाम्या हाताने जाणार होती. आणि उद्या पहाटे स्टबलीच्या व्हॅनमध्ये तिला जागा मिळणार नव्हती, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

निर्णयाला वेळ लागला नाही. विश्रांतीच्या खोलीत तिघांचंही एकमत होतं. खरं बोलणारी बाई आहे, पेल्यूबाई म्हणाल्या, आणि स्किपवर्थांनी मान हलवली. बाहेर येऊन बाईंनी स्टबलीला दोषी ठरवलं, दंड केला, परवान्यावर शेरा मारला. स्पष्ट, मोजक्या शब्दांत. हे काम त्या उत्तम करायच्या, त्यात कोणी नाव ठेवू नये.

तिथे थांबल्या असत्या तर ही गोष्टच झाली नसती. पण त्यांनी यादी बाजूला सारली आणि मागच्या बाकावर बसलेल्या शेरिलकडे बघितलं. खरोखरच भारावल्या होत्या.

"मिस ओडलिंग, कोर्ट तुमचं आभारी आहे. तुम्ही भरपाई नाकारलीत, याची मी मुद्दाम नोंद करते. कर्तव्याची किंमत घ्यायची नसते, हे या गावात अजून लोकांना कळतं. या न्यायासनावर आम्हीही तेच मानतो."

शेरिलने मान खाली घातली. तिच्या शेजारी बसलेल्या त्या सायकलवाल्या म्हाताऱ्याने तिच्या दंडावर थोपटलं. आणि मेव्हिसला एकाएकी ते टेबल आठवलं, मुठी आठवल्या, प्याल्यांचा खणखणाट आठवला. आत्ता या पोरीलाही टेबल वाजवायला लावलं, तिच्या मनात आलं. आता ही जन्मात त्या खिडकीवर जायची नाही.

"घे ते पैसे," मेव्हिस म्हणाली.

ती ओरडली नाही. पण ग्रिम्स्बीच्या माशांच्या लिलावात कमावलेला आवाज होता तो, हळू बोलला तरी भिंतीपर्यंत जायचा. कोर्टाचे कायदा-सल्लागार मिस्टर प्रुएट खाली लिहीत बसले होते, त्यांचं पेन थांबलं.

"ते बोलण्याचे पैसे नाहीत. तुझा दिवस गेला त्याचे आहेत. दिवस माझाही जातो, आणि मीही घेते."

लिंकनच्या पोराने भुवया वर केल्या. शेरिल वर बघत होती, तोंड थोडं उघडं. पेल्यूबाईंनी मेव्हिसकडे मान वळवली नाही. फक्त मानेवर एक शीर उठून दिसली. "कोर्ट थोडा वेळ तहकूब," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

विश्रांतीच्या खोलीचं दार लागलं. स्किपवर्थ पाइप काढून नुसतेच चाचपत बसले. पेल्यूबाई उभ्याच राहिल्या.

"तुम्ही घेता?" त्यांनी विचारलं. "कधीपासून?"

"आजपासून."

"म्हणजे आज सकाळपर्यंत घेतलेले नाहीत. म्हणजे तुम्ही भर कोर्टात खोटं बोललात."

"बोलले," मेव्हिस म्हणाली. "तेवढं खरं करायला मी आता खाली जाणार आहे."

तिने खुर्चीची पाठ धरली. पेल्यूबाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. रागावणं त्यांना शोभत नसे आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्या शांतपणे सांगू लागल्या. समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला आपण दंड करतो, कधी तुरुंगात धाडतो. कोणत्या अधिकाराने? एवढ्याच, की यात आपला छदामाचा फायदा नाही. ते एकदा गेलं की आपल्यात आणि पगारी साहेबांत फरक काय उरला? त्या मनापासून बोलत होत्या. मेव्हिसलाही ते पटण्यासारखं होतं, पाच वर्षं पटलंही होतं.

"आणि अडचण होती तर मला आधी सांगायचं होतंत," पेल्यूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरंच मायेचा झाला. "आपण आपसांत काहीतरी केलं असतं. माझ्याकडून. कुणाला कळलंही नसतं."

बाईंना वाटलं आपण हात पुढे केला. मेव्हिसला तो गालावर बसला.

"कुणाला कळू नये असं त्यात आहे काय, मिसेस पेल्यू? मी चोरी करते का? तुमच्याकडून घेतलं तर ते चांगलं, आणि कायद्याने दिलेलं घेतलं तर वाईट, असं कसं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"समोरच्याला काय दिसतं ते तुम्ही सांगितलंत. मी खालून वर बघितलेलं आहे, मला माहीत आहे काय दिसतं. त्याला दिसतं की वर तीन माणसं बसली आहेत, ज्यांना गुरुवार परवडतो. माझा बाप हेच बघून गेला. मला परवडत नाही. तरी मी बसणार."

स्किपवर्थ खाली बघतच म्हणाले, "मेव्हिस, डिनरला टेबल तर तू सगळ्यांत जोरात वाजवायचीस."

"हो, सर," ती म्हणाली. ते तिला शाळेत शिकवायला नव्हते, पण त्यांना सगळं गाव सर म्हणायचं. "लाज वाटत असली की माणूस जोरातच वाजवतो."

स्किपवर्थांनी पाइप खिशात ठेवून दिला.

पेल्यूबाई म्हणाल्या, की बाजूच्या सदस्याने कोर्टात असं बोलणं ही साधी गोष्ट नाही, त्यांना वर कळवावं लागेल. कळवा, मेव्हिस म्हणाली. त्यांनी विचारलं, की याचा परिणाम काय होऊ शकतो हे तुम्हाला समजतंय ना. तेव्हा मेव्हिसला हसू आलं. इतक्या तासांत पहिल्यांदाच.

"गंमत सांगू का? मी आज राजीनामाच द्यायला आले होते. सकाळी तुमच्या तोंडावर सांगणार होते, मासे की कोर्ट यातून मी मासे निवडले म्हणून. आता नाही देत. आता तुम्हाला मला काढावं लागेल, आणि का काढलं ते कागदावर लिहावं लागेल."

असं म्हणून तिने हातमोजे उचलले, घातले नाहीत, पिशवीत टाकले आणि बाहेर पडली.

मॅजिस्ट्रेट लोकांना मागच्या बाजूला स्वतंत्र जिना होता, तो थेट गाड्या लावायच्या अंगणात उतरायचा. समोरचा रुंद दगडी जिना बाकीच्यांसाठी, आरोपी आणि साक्षीदार आणि त्यांच्या आया आणि पोरं यांच्यासाठी. मेव्हिस समोरच्याने उतरली. दालनात नेहमीची गर्दी होती. सिगरेटचा धूर, ओले कोट, भिंतीला टेकलेली माणसं. तिला वर बसलेलं पाहिलेली दोन-तीन माणसं चटकन बाजूला झाली. कोणीतरी पुटपुटलं, "तीच ती." कचेरीच्या खिडकीपुढे छोटी रांग होती. दंड भरणारे, तारीख विचारणारे. मेव्हिस रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

शेरिल दाराजवळच्या बाकावर बसची वाट बघत बसली होती. मेव्हिसने तिला बघितलं, पण हाक मारली नाही. बोलावून आणलं तर तेही एक उपकारच झाले असते. ती नुसती रांगेत उभी राहिली, रांग पुढे सरकली की सरकत गेली. पुकारा करणारा आल्बर्ट, काळ्या झग्यातला म्हातारा, घाईघाईने आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, इथे कशाला? आत चला ना, मी कागद वर आणून देतो. नेहमीची माणसं या रांगेत..."

"मला दिसतंय, आल्बर्ट. चांगली रांग आहे."

आल्बर्टने आजूबाजूला बघितलं, काय करावं ते त्याला सुचेना, आणि तो तिथेच उभा राहिला. तेवढ्यात बाकावरून शेरिल उठली. सैल कोट सावरत सावकाश आली आणि मेव्हिसच्या मागे उभी राहिली.

"माझ्या पुढे ये," मेव्हिस म्हणाली.

"नको मॅडम, तुम्ही आधी आलात."

"कोर्टात तू आधी बोललीस. मी तुझ्यानंतर बोलले. ये पुढे."

शेरिल पुढे झाली. मागे एक बाई तोंड वाकडं करून काहीतरी बोलली, पण मेव्हिसने वळून बघताच तिने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. रांग एक पाऊल सरकली. मग शेरिलने वास घेतल्यासारखं नाक थोडं वर केलं, आणि मान तिरकी करून मेव्हिसकडे बघितलं.

"तुम्ही गाडीवाल्या डाउस ना? टॉफ्ट एंडला यायच्या त्या?"

टॉफ्ट एंड. हातातून गेलेल्या तीन गावांतलं पहिलं.

"यायचे," मेव्हिस म्हणाली.

"माझी आई अजून म्हणते. आता ती दुकानातलं पाकीट आणते, आणि प्रत्येक वेळी शिव्या घालते. म्हणते, त्या बाईला काय धाड भरली, गुरुवारी येईनाशी झाली."

ग्रिम्स्बीचा हॅडॉक, टॉफ्ट एंडचं फाटक आणि ताट घेऊन उभी असलेली, गुलाबी एप्रनवाली एक म्हातारी मेव्हिसला लख्ख आठवली. नेहमी एक तुकडा मांजराला म्हणून जादा मागायची.

"गुरुवारी मी इथे असते," ती म्हणाली. "वर."

शेरिलने वर बघितलं, मग पुन्हा तिच्याकडे.

"आईला सांगते," ती म्हणाली. "ती ओरडायची नाही मग. म्हणजे, ओरडेल, पण कमी."

तिची पाळी आली. खिडकीतल्या मुलीने साक्षीदारांचा कागद पुढे केला. शेरिलने खोडून खोडून तो भरला, मजुरीचा आकडा घातला, बसचं तिकीट दाखवलं. आकडा वाचून दाखवताना तिचा आवाज आधी बसला, मग तिने घसा खाकरून तो नीट वाचला. मुलीने नोटा आणि नाणी मोजून खिडकीतून सरकवली. शेरिलने ती घेतली, त्या सैल कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, पण गेली नाही. खिडकीच्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"पुढचे," मुलगी म्हणाली आणि वर बघून गोंधळली. "अरे. मॅडम."

मेव्हिसने सांगितलं, की तिला आजच्या दिवसाची भरपाई मागायची आहे, मॅजिस्ट्रेट म्हणून. मुलीला ऐकू आलं, पण समजलं नाही. मग समजलं आणि तो कागद कुठे असतो ते आठवेना. तिने खण उघडले, दुसऱ्या कोणाला विचारलं, आतल्या कपाटाचं दार करकरलं. पाच मिनिटांनी ती एक गठ्ठा घेऊन आली, त्याचा दोरासुद्धा सुटलेला नव्हता. कडा पिवळ्या पडलेल्या. तिने कात्रीने दोरा कापला, वरचा कागद झटकला.

दालनात आता फारसा आवाज नव्हता. दगडी जिन्याच्या मधल्या वळणावर मिसेस पेल्यू येऊन थांबल्या होत्या. या जिन्यावर त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. एक हात कठड्यावर, दुसऱ्या हातात हातमोजे. त्यांच्या मागे स्किपवर्थही होते. मेव्हिसला समोरच्या काचेत त्यांचं धूसर प्रतिबिंब दिसलं. ती वळली नाही.

"नाव आहे माझ्याकडे," मुलगी म्हणाली, यादीवरून बोट फिरवत. "डाउस, मेव्हिस. आणि व्यवसाय... इथे लिहिलंय खाद्यपदार्थ..."

"ते खोडा."

मुलीने पेन थांबवलं.

मेव्हिसने मोजे न घातलेले दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले. लिंबाचा वास केव्हाच उडून गेला होता. मुलीच्या नाकपुड्या जराशा हलल्या आणि ते मेव्हिसला दिसलं.

"मासेवाली," ती म्हणाली. आणि मुलगी अजून लिहीत नाही असं बघून, टॉफ्ट एंडच्या चौकात म्हणायची तसं, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिने पुन्हा सांगितलं, "मासेवाली."